डोळ्यांत भरणे आणि डोळ्यांवर येणे

नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. रत्नागिरीतल्या आमच्या घराच्या ओटीवर मी आणि माझी पुतणी बसलो होतो. तिच्यापुढे बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि वाटीभर खळ, माझ्यापुढे वर्तमानपत्र. तिचे हात आकाशकंदिलात गुंतले होते, पण डोके कॉलेजात होते. सुट्टी संपताच इंग्रजी विशेषणांच्या अर्थच्छटांवर तिला एक टिपण लिहून न्यायचे होते. मध्येच तिने विचारले,

"काका, 'अट्रॅक्टिव्ह'ला मराठीत काय म्हणायचं?"

"आकर्षक."

"आणि 'स्ट्रायकिंग'ला?"

"तेही आकर्षकच."

"बरं, 'चार्मिंग'?"

मी वर्तमानपत्र खाली ठेवले. तिसऱ्यांदाही तोच शब्द ओठांवर आला होता, आणि तो उच्चारायची मला लाज वाटली. तेवढ्यात माजघराच्या उंबऱ्याशी वाती वळत बसलेली आई बोलली. आईला इंग्रजीचा गंध नाही. पण आम्ही काय शोधतो आहोत हे तिला बरोबर कळले होते.

"अगो, तो समोरच्यांचा कंदील बघ," समोरच्या घरावर उघडमीट करणाऱ्या विजेच्या रंगीत कंदिलाकडे बोट करून ती म्हणाली. "तो डोळ्यांवर येतो. तुझा टांगलास म्हणजे डोळ्यांत भरेल. माणूस बघणार दोन्हींकडे; पण म्हणून दोन्ही एक का?"

एवढे बोलून ती पुन्हा वातींकडे वळली. मी मात्र त्या दोन वाक्यांपाशीच अडकलो. पुष्कळ वर्षे पुस्तकांची परीक्षणे लिहिणाऱ्या माणसाला जो भेद सांगता आला नाही, तो तिने वाती वळता वळता सांगितला होता. प्रस्तुत लेख हा त्या दोन वाक्यांचा विस्तार आहे, आणि थोडासा कबुलीजबाबही.

कबुली आधीच देऊन टाकतो. फार वर्षांपूर्वी माझ्या एका मित्राने पदरमोड करून आपला कवितासंग्रह काढला. खेड्यातल्या शाळेत शिक्षक असलेला हा साधा माणूस. मी त्याच्या संग्रहाचे परीक्षण लिहिले. भाषा आकर्षक, प्रतिमा आकर्षक, मुखपृष्ठही आकर्षक, असा तो मजकूर होता. तो छापून आल्यावर मित्र घरी आला, आभार मानले, चहा घेतला. जाताना पायरीवर थांबून त्याने विचारले, "तुला यातली एखादी कविता आवडली का रे?" मला उत्तर देता आले नाही. एकही कविता मला आठवत नव्हती. आकर्षक या शब्दाने माझे काम इतके परस्पर उरकले होते की, पुस्तक वाचताना मला काय झाले हे तपासण्याची पाळीच माझ्यावर आली नव्हती.

विशेषण झिजले म्हणजे केवळ भाषा गरीब होते असे नाही. पाहणाऱ्याचे पाहणेच थांबते. एखादी वस्तू आपले लक्ष वेधून घेते तेव्हा तिच्याविषयीचा नेमका शब्द तीन गोष्टी सांगत असतो : त्या वस्तूने काय केले, पाहणाऱ्याचे काय झाले, आणि हे सारे किती वेळ टिकले. या तीन प्रश्नांच्या उजेडात आपण काही शब्द पाहू. इंग्रजी शब्द सोबतीला घेऊ, कारण दुसऱ्याच्या घरातली भांडी पाहिली म्हणजे आपल्या घरातल्या भांड्यांची नीट ओळख पटते.

पहिला प्रश्न वस्तूच्या करणीचा. आकर्षक हा शब्द संस्कृतातल्या कृष् या धातूवरून आला. कृष् म्हणजे ओढणे. जमिनीवर नांगर ओढणे हेही त्याच धातूचे काम, म्हणून कृषी. इंग्रजी अट्रॅक्टिव्हच्या पोटातही ओढणेच आहे, आणि तेथेही तोच लॅटिन धातू शेतात उतरून ट्रॅक्टर झाला आहे. एकमेकांशी गाठ न पडलेल्या दोन शब्दांनी एकच रूपक धरले आणि दोघेही अखेर नांगराला जुंपले गेले, ही गंमतच म्हणायची. पण मुद्दा असा की, आकर्षक वस्तू ओढते. ओढून कोठे नेते हे ती सांगत नाही. दुकानाची पाटी ओढते, गुळाची ढेप माशीला ओढते, आणि देवळातला नंदादीपही ओढतो.

स्ट्रायकिंग वस्तू ओढत नाही, ती आघात करते. तिला आपल्याकडे जवळचा शब्द ठसठशीत. ठसठशीत कुंकू, ठसठशीत नथ. कपाळावरचे कुंकू तुम्हांला जवळ बोलावीत नाही. तुम्ही जेथे असाल तेथेच तुमच्यावर त्याचा ठसा उमटतो. उठावदार ही आणखी वेगळी गोष्ट. तेथे मागे काहीतरी शांत असावे लागते, म्हणजे पुढचे उठून दिसते. हिरव्या लुगड्याचे लाल काठ उठावदार असतात. सगळे लुगडेच लाल असते तर उठावाला जागा उरली नसती. उठावदार म्हणताना आपण पार्श्वभूमीचेही ऋण मान्य करतो, आणि हा विवेक 'आकर्षक'मध्ये नाही.

मग लक्षवेधी. वेध हा आपल्या भाषेतला मोठा गुणी शब्द आहे. अर्जुनाने मत्स्याचा वेध घेतला, वेधशाळेत ग्रहताऱ्यांचे वेध घेतात, ग्रहणाआधी वेध पाळतात, आणि आपणां सर्वांना नवरात्र संपताच दिवाळीचे वेध लागतात. लक्षवेधी वस्तू म्हणजे आपल्या लक्षात बाण रोवणारी वस्तू. तिच्यात सौंदर्य असेलच असे नाही. विधिमंडळात आमदार लक्षवेधी सूचना मांडतात, तेव्हा ती सूचना सुंदर आहे असे कोणी म्हणत नाही. सरकारचे लक्ष तिकडे जावे एवढीच अपेक्षा असते. इंग्रजीत कॉन्स्पिक्युअस हा शब्द असाच निःपक्षपाती आहे. दर्यावर्दी लोकांच्या नकाशांत किनाऱ्यावरची टेकडी, शिखर किंवा धुराडे लांबून स्पष्ट दिसत असेल, तर त्याच्यापुढे हाच शेरा मारलेला असतो. आमच्या रत्नदुर्गाच्या बाजूचा दीपस्तंभ घ्या. रात्री खोल समुद्रातून येणाऱ्या तांडेलाला तो देखणा आहे की नाही याचे सोयरसुतक नसते. तो चुकता न येण्याइतका ठळक असला म्हणजे झाले. ठळक, लक्षवेधी आणि सुंदर या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. एकीवरून दुसरीवर आपोआप जाता येत नाही.

येथे आपल्या भाषेच्या एका खास संपत्तीचा उल्लेख करायला हवा. चकचकीत, लखलखीत, झगझगीत, तुकतुकीत, घवघवीत, भगभगीत, ढळढळीत, बटबटीत. या शब्दांत एकच नाद दोनदा वाजतो. चकचकीत ते घासलेले भांडे, लखलखीत ती समई, झगझगीत तो जरीचा पदर, तुकतुकीत ती बाळंतिणीची कांती, घवघवीत ते यश. भगभगीत उजेड असतो, पण त्यात ऊब नसते. ढळढळीत ती चूक, जिच्याकडे डोळेझाक करता येत नाही. बटबटीत डोळे म्हणजे खोबणीबाहेर आलेले डोळे. तेथूनच समीक्षेत बटबटीत संवाद आणि बटबटीत उपदेश आले, कारण त्यांतही आत राहायला हवे ते बाहेर आलेले असते. इंग्रजीत ग्लीम, ग्लिटर, ग्लो, ग्लेअर हे शब्द एकाच नादाने सुरू होऊन प्रकाशाच्या निरनिराळ्या तऱ्हा सांगतात. आपला हा मेळा त्यांच्या तोडीस तोड आहे. आजी-आत्यांच्या तोंडी तो सहज नांदतो. छापील मजकुरात मात्र आपण त्याला ओटीवरच थांबवतो आणि 'आकर्षक' पाहुण्याला आत बोलावून पाट देतो.

दुसरा प्रश्न पाहणाऱ्याचा. येथे मराठीचा आणि इंग्रजीचा एक मोठा विशेष उघड होतो. इंग्रजीतली अशी कितीतरी विशेषणे जादूटोण्याच्या घरातून आली आहेत. चार्मिंगच्या मुळाशी लॅटिनमधले गाणे आहे, मंत्रासारखे म्हटलेले गाणे. फॅसिनेटिंगच्या मुळाशी मंत्र घालणे, दृष्ट लावणे आहे. या सगळ्यांत धोका पाहणाऱ्याला असतो. वस्तू त्याच्यावर करणी करते. आपल्याकडे उलटा प्रकार. गोजिरे मूल पाहिले की आपण म्हणतो, अगदी दृष्ट लागण्यासारखे आहे! धोका मुलाला, आणि तो पाहणाऱ्याच्या नजरेचा. म्हणून काजळाची तीट, म्हणून मीठमोहऱ्या. सुंदर वस्तूपुढे इंग्रज स्वतःला सांभाळतो, तर आपण त्या वस्तूला सांभाळतो. दृष्ट खरी की खोटी हा प्रश्न बाजूला ठेवला तरी या वाक्प्रचारामागची समजूत मोलाची आहे. पाहणे ही निष्पाप क्रिया नव्हे. आपल्या पाहण्याने पाहिल्या जाणाऱ्या वस्तूला इजा होऊ शकते, हे त्यात गृहीत धरले आहे. परीक्षकाने तर हे कोरून ठेवावे.

ग्लॅमर या शब्दाची कुळकथा याहून नवलाची. ग्रामर, म्हणजे व्याकरण, या शब्दाचेच ते स्कॉटलंडातल्या तोंडी बदललेले रूप. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांना पोथ्यांतली विद्या म्हणजे मंत्रविद्याच वाटे. त्यामुळे व्याकरणाच्या शब्दाला जादूचा अर्थ चिकटला. पुढे वॉल्टर स्कॉटच्या लेखनातून तो इंग्रजीत पसरला आणि अखेर सिनेनटनट्यांच्या गळ्यात पडला. व्याकरण आणि मोहिनी ही सख्खी भावंडे! रत्नागिरीकरांना हे ऐकून आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. गणपतीपुळ्याशेजारच्या मालगुंडात १८६६ साली जन्मलेले कृष्णाजी केशव दामले हे आपले केशवसुत. आणि १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' प्रसिद्ध करणारे मोरो केशव दामले हे त्यांचे धाकटे भाऊ. एका घराने मराठीला नवी कविताही दिली आणि तिचे व्याकरणही. नेमकेपणा आणि मोहिनी यांचे वैर नाही, याला याहून जवळचा दाखला कोठे शोधायचा?

आपल्या शब्दांतही मोह आहेच. पण त्याचा प्रवास निराळा. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर हे षड्रिपू. त्यांतल्या लोभापासून लोभस झाले, मोहापासून मोहक झाले, मदाच्या घराण्यात मादक झाले. साधुसंतांनी ज्यांना शत्रू म्हटले त्यांच्याच घरातून आपण प्रशंसेची विशेषणे आणली. तरीही प्रत्येक शब्दाने आपली पायरी ओळखून ठेवली आहे. तान्हे बाळ लोभस असते, ते मादक नसते. हसू मोहक असते. मादक म्हटले की आपण आवाज थोडा खाली आणतो. लोभाने तर इतके सभ्य रूप घेतले की, पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' असे आपण वडीलधाऱ्यांनाही लिहितो.

आणि डोळ्यांचे वाक्प्रचार? काही पाहून डोळे दिपतात, काही पाहून निवतात. काही डोळ्यांत खुपते, आणि काही पाहिल्यावर डोळ्यांचे पारणे फिटते. या शेवटच्या शब्दप्रयोगात किती अर्थ साठला आहे पाहा. पारणे उपासाचे असते. म्हणजे ते दृश्य दिसेपर्यंत डोळे जणू उपाशी होते, आणि हे त्यांना ठाऊकही नव्हते. डोळे दिपणे आणि डोळे निवणे या दोन्हींना 'आकर्षक' म्हणणारा माणूस मध्यान्हीच्या उन्हाला आणि चांदण्याला एकच नाव देतो.

शब्द कोणत्या वाटेने आला याचाही येथे विचार करायला हवा, कारण हा वाद आमच्या गावाने जवळून पाहिला आहे. १९२४ ते १९३७ या काळात सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते, आणि याच काळात त्यांनी भाषाशुद्धीचा जोरदार पुरस्कार केला. दिनांक, महापौर यांसारखे त्यांचे शब्द आज आपण त्यांचे आहेत हे विसरून वापरतो; नव्या शब्दाला याहून मोठे यश कोणते? परंतु या विशेषणांच्या प्रांतात मात्र त्यांचा सोवळा नियम पाळणे कठीण आहे. दिमाखदार, शानदार, रुबाबदार हे शब्द फार्सी-अरबीच्या वाटेने आले. त्यांच्या जागी भव्य किंवा प्रेक्षणीय घालून पाहा. दिमाखात मेंदूतली घमेंड आहे, शानीत प्रतिष्ठा आहे, आणि रुबाबात धाक आहे. भव्य या शब्दात यांतले काहीच नाही.

आमचा थिबा राजवाडा पाहिला की हा फरक समजतो. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले आणि पुढल्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवले. हा राजवाडा १९१०च्या सुमारास त्याच्यासाठी उभा राहिला, आणि १९१६ साली राजा येथेच वारला. उतरत्या छपरांची ती लाल वास्तू आजही टेकडीवरून शहराकडे पाहते. तिला भव्य म्हणता येईल; पण तिचा खरा शब्द रुबाबदार. मात्र तो रुबाब राजाचा नव्हे. ज्यांनी त्याला समुद्रापार आणून कैदेत ठेवले त्यांचा तो धाक आहे. इंग्रज लेखक अशा इमारतींना इम्पोझिंग म्हणतात. इम्पोझ करणे म्हणजे लादणे. दोन्ही भाषांतले नेमके शब्द येथे इतिहास बोलून जातात, आणि 'आकर्षक पर्यटनस्थळ' हे शब्द तो इतिहास पुसून टाकतात.

आता तिसरा प्रश्न, काळाचा. समीक्षेच्या दृष्टीने हाच सर्वांत महत्त्वाचा. आपल्या जुन्या साहित्यशास्त्रात चित्र, विचित्र, चमत्कार हे मानाचे शब्द होते. कुंतकाने 'वक्रोक्तिजीवित'मध्ये काव्याचे मार्ग सांगितले, त्यांत सुकुमार मार्गाच्या जोडीला विचित्र मार्ग आहे; अलंकारांनी झळकणारा, अवघड, थोर कवींचा मार्ग. जगन्नाथ पंडिताच्या 'रसगंगाधरा'त काव्यापासून मिळणाऱ्या लोकोत्तर आनंदाच्या विवेचनात चमत्कार हा शब्द आहे. आणि आज? विचित्र मुलगा, चमत्कारिक गृहस्थ, विलक्षण तऱ्हा! लक्ष वेधणाऱ्या शब्दांच्या नशिबी अनेकदा हे असे येते. जे वेगळे असते ते आधी आवडते, पुढे नुसतेच वेगळे राहते, आणि शेवटी तऱ्हेवाईक ठरते. इंग्रजांचीही यातून सुटका नाही. सेंट ऑड्रीच्या जत्रेत विकल्या जाणाऱ्या लेसच्या फितींवरून टॉड्री हा शब्द निघाला. एकेकाळची ती हौसेची वस्तू. आज त्या शब्दाचा अर्थ स्वस्त आणि भडक. आपला सवंग हा शब्दही आधी केवळ स्वस्ताईचा होता. आता सवंग विनोद म्हटले की लेखकाच्या अब्रूचाच भाव उतरतो.

मम्मटाने हा धोका फार पूर्वी ओळखला होता. 'काव्यप्रकाशा'त त्याने काव्याचे तीन प्रकार मानले, आणि ज्यात व्यंग्यार्थ नाही, केवळ शब्दार्थांची नक्षी आहे, त्या चित्रकाव्याला सर्वांत खालच्या पायरीवर बसवले. नक्षी डोळ्यांत भरत नाही असे त्याचे म्हणणे नव्हते. भरल्यानंतर पुढे काही होत नाही, ही त्याची तक्रार होती. आमच्याकडे आंब्याच्या मोसमात याचा अनुभव दरवर्षी येतो. औषध मारून पिकवलेल्या आंब्याचा पिवळेपणा असा एकसारखा असतो की, गिऱ्हाईक पेटीपाशी थबकतेच. गवताच्या अढीत सवडीने पिकलेल्या हापूसवर कोठे हिरवी झाक असेल, कोठे सुरकुती असेल. पण तो घरात आहे हे दारातूनच कळते. पहिला लक्षवेधी. दुसरा घमघमणारा, आणि जेवण झाल्यावरही बोटांवर रेंगाळणारा.

याच्या दुसऱ्या टोकाला रमणीय हा शब्द आहे. रम् म्हणजे रमणे, थांबणे, विसावणे. 'शिशुपालवधा'त कृष्ण रैवतक पर्वतापाशी येतो. तो पर्वत त्याने पुष्कळदा पाहिलेला आहे; तरी त्याला तो अपूर्व वाटतो. यावर माघ सांगतो की, क्षणोक्षणी जे नवे होते तेच रमणीयतेचे रूप. म्हणजे रमणीयतेची परीक्षा पहिल्या भेटीत होतच नाही. ती दुसऱ्यांदा पाहताना होते. आकर्षक वस्तू आपल्याला थांबवते. रमणीय वस्तूपाशी आपण आपणहून थांबतो.

दिवाळी अंकाच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. १९०९ साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मुखपृष्ठ हा आपल्या घरांतला सणाचा भाग झाला आहे. दीनानाथ दलालांची उठावदार, रेखीव चित्रे आणि रघुवीर मुळगावकरांची मोहक मुखे यांनी कित्येक पिढ्यांना अंक हाती घ्यायला लावले. मुखपृष्ठाने आकर्षक असावे. तो त्याचा धर्मच आहे. पण दलालांच्या चित्राकडे आपण आजही वळतो ते आकर्षणामुळे नव्हे. अंकाचे वर्ष सरले, मजकूर जुना झाला, तरी त्या रेषेपाशी डोळा अजून रमतो. आतल्या कथा-कवितांना हीच कसोटी लावावी. अंक हाती घेतला तेव्हा काय आवडले हे विचारू नका. देवदिवाळी उलटल्यावर काय पुन्हा काढून वाचले ते विचारा.

त्या रात्री पुतणीचा कंदील लागला. आत साधा पिवळा दिवा होता. वाऱ्याने कागद मधूनच फडफडे आणि अंगणातल्या रांगोळीवर त्याची सावली हले. तिने आपल्या टिपणात काय लिहिले ते मी विचारले नाही. पण 'आकर्षक' हा शब्द तिने फक्त एकदाच वापरल्याचे मला आवर्जून सांगितले.

मी मात्र कपाटातून मित्राचा तो जुना संग्रह काढला आणि भाऊबीजेपर्यंत सावकाश वाचला. त्यात भडक कविता आहेत, दोन-तीन बटबटीतही आहेत. पण पावसाळ्यात शाळेची कौले गळतात आणि मास्तर मुलांना कोरड्या कोपऱ्यात सरकवीत सरकवीत अखेर स्वतः गळतीखाली उभा राहतो, अशी एक लहानशी कविता आहे. ती मोहक नाही, ठसठशीत नाही, लक्षवेधी तर मुळीच नाही. म्हणूनच ती तेव्हा माझ्या नजरेतून निसटली असावी. तिसऱ्यांदा वाचताना तिच्यापाशी मी बराच वेळ बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी मित्राला पत्र लिहिले. पायरीवर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर इतक्या वर्षांनी दिले, कवितेचे नाव कळवले, आणि खाली नेहमीप्रमाणे लिहिले, लोभ असावा. या वेळी त्या शब्दाचा अर्थ लिहिताना मला ठाऊक होता.